एक भाऊ कराचीत, एक भायखळ्यात: घराचं काय?

प्रश्न: प्रॉपर्टी कार्डावर दोन सख्ख्या भावांची नावं आहेत. थोरला १९६० साली कराचीला गेला, तिथलाच नागरिक झाला. त्याच्या मुलांकडून हक्कसोडपत्र घेतलं तर चालेल का?

भायखळाकर: नाही. स्टँप ड्युटीत पैसे घालू नका. पाकिस्तानी नागरिक झालेल्याचा इथला हिस्सा शत्रू संपत्ती कायद्याखाली (१९६८) कस्टोडियनकडे, म्हणजे अशा मालमत्ता सांभाळणाऱ्या केंद्र सरकारच्या अधिकाऱ्याकडे, जाऊ शकतो. तो कायदा २०१७ साली दुरुस्त झाला. कस्टोडियनकडे गेलेल्या हिश्शाला आता वारसाहक्क लागत नाही, वारस भारतीय नागरिक असला तरी. सख्ख्या भावंडांवर हा फार मोठा अन्याय आहे, पण कायदा असाच आहे.

फोर्टवाला: धाकट्याचा हिस्सा मात्र त्याचाच राहतो. म्हणून मूळ खरेदीखत आणि जुने फेरफार (नावबदलाच्या नोंदी) आधी काढा, हिस्से किती लिहिलेत ते बघा. हिस्सा शत्रू संपत्ती ठरवणारा आदेश आलाच तर ३० दिवसांत केंद्र सरकारकडे निवेदन द्या. तोच आदेश सरकारी गॅझेटमध्ये आधी छापला असेल तर मुदत तिथूनच. लोक दिवाणी कोर्टात धावतात, तिथे दावाच चालत नाही आणि ३० दिवस निघून जातात. पुढचं अपील हायकोर्टात, ६० दिवसांत.

भायखळाकर: आणि जाण्याची तारीख पक्की करा. १ मार्च १९४७ नंतर फाळणीमुळे गेलेल्यांना १९५०चा इव्हॅक्युई कायदा (फाळणीत गेलेल्यांनी मागे सोडलेल्या मालमत्तेचा) लागला असू शकतो, ती फाइल वेगळी.