सुनामी राहू द्या, आपलं स्टिल्ट (खालचं खांबांवरचं पार्किंग) बघा

ए-४०२: तो रशियातल्या सुनामीच्या लाटेचा व्हिडिओ तिसऱ्यांदा आलाय सोसायटीच्या ग्रुपवर. कामचाटका पॅसिफिकमध्ये आहे हो, वर्सोव्याला काही होत नाही.

बी-१०१: म्हणजे आपल्याकडे येतच नाही का? आम्ही पहिल्या मजल्यावर, म्हणून विचारतेय.

सी-३०३: येते ना ताई. २८ नोव्हेंबर १९४५. मकरानच्या किनाऱ्याजवळ (आत्ताचं पाकिस्तान) पहाटे ८.१ चा भूकंप झाला आणि सकाळी सव्वाआठच्या सुमारास लाट मुंबईत. साधारण २ मीटर. हाजी अली, जुहू, दांडा आणि आपलं वर्सोवा इथून पंधराएक माणसं वाहून गेली.

बी-१०१: बापरे! वर्सोवा??

ए-४०२: काका, मोठ्या भरतीला साडेचार मीटर पाणी असतंच की. २ मीटरचं काय?

सी-३०३: तीच तर गोम आहे. ओहोटीला आली तर किनाऱ्यावरच जिरेल, भरतीवर चढली तर आपली पंपरूम गेली. पण मकरानहून इथं यायला चार-पाच तास लागतात. २००७ पासून हैदराबादला इन्कॉइस या सरकारी समुद्र-संस्थेचं सुनामी इशारा केंद्र आहे, भूकंप झाला की काही मिनिटांत कळवतात. ताई, तुम्ही जिना चढून आमच्याकडे या. चहा टाकतो.

बी-१०१: 😀🙏

सी-३०३: माझी झोप उडते ती भूकंपाने. तो चार तास देत नाही. २०१६ च्या भूकंपाच्या बांधकाम कोडात मुंबई झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्यात आहे. २००१ ला भूकंप कच्छात झाला, पण दोनशे किलोमीटरहून लांब अहमदाबादेत इमारती बसल्या. त्यात खाली पार्किंगचे नुसते खांब आणि वर भिंतींचे मजले, अशा बऱ्याच होत्या. वरचा डबा घट्ट, पाय लुळे. सगळा हिसका खांबांच्या डोक्याशी.

सेक्रेटरी: काका, आलात परत स्टिल्टवर. स्ट्रक्चरल ऑडिटचं (बिल्डिंगच्या मजबुतीच्या तपासणीचं) एजीएमला, वार्षिक सभेला घेऊ.

सी-३०३: दोन एजीएम झाल्या. बिल्डिंग ३४ वर्षांची. तिशी उलटली की दर तीन वर्षांनी ऑडिट लागतं. काल कोपऱ्यातल्या खांबाला किल्लीने टोचलं, तर प्लास्टर भुरभुरलं. आत सळईचे गंजून पापुद्रे सुटलेत. खारी हवा. आणि आपण दिवाळीत त्यावर रंग मारला!

सेक्रेटरी: जॅकेटिंगचा, म्हणजे खांबांना बाहेरून नवं काँक्रीट चढवायचा खर्च माहितीये का? लोक मेंटेनन्स वेळेवर देत नाहीत.

ए-४०२: आधी ऑडिट तर करा, खर्च नंतर कळेल. काका, कुठला खांब? फोटो टाका.

सी-३०३: टाकला. तुमच्याच गाडीच्या मागचा आहे.

ए-४०२: 😳 येतो खाली.