नेट न्यूट्रॅलिटीला "तटस्थता" म्हणायचं का? आणि मक्तेदारीचं काय?

सांगली, गावभाग:
मंडळी, एका शब्दानं चार दिवस डोक्यात घर केलंय म्हणून इथं मांडतोय. मी अकरावी-बारावीला शिकवतो. वक्तृत्व स्पर्धेसाठी मुलांना "नेट न्यूट्रॅलिटी" विषय दिला होता आणि एका मुलीनं वहीत लिहून आणलं, "आंतरजाल तटस्थता म्हणजे कंपनीने कुणाच्याही भानगडीत न पडता बाजूला उभे राहणे". मी लाल पेन उघडलं आणि तसाच थांबलो, कारण पोरीची चूक काय सांगा? तट म्हणजे काठ, तटस्थ म्हणजे काठावर उभा राहिलेला. तिनं शब्दाचा अर्थ बरोबर लावला, शब्दच तिला चुकीच्या घाटावर घेऊन गेला. आणि आमच्यासारख्या पुराच्या गावात "तो तटस्थ राहिला" हे कुणी कौतुकानं म्हणत नाही हो, २०१९ बघितलेल्या माणसाला तर नाहीच.

मूळ कल्पना अगदी वेगळी आहे. टिम वू नावाच्या अमेरिकन कायदेतज्ज्ञानं २००३ साली हा शब्द रूढ केला. म्हणणं एवढंच, की तुमच्या घरापर्यंत वायर आणणाऱ्यानं वायरीतनं काय जातंय ते बघून भेद करायचा नाही, म्हणजे ही साइट अडवली, ती मुद्दाम स्लो केली, अमकीनं पैसे दिले म्हणून तिला पुढं सोडलं, हे चालणार नाही. मग ही कंपनी काठावर कुठं आहे? सगळं तिच्याच हातातनं जातं. तर यासाठी मराठीत नेमका शब्द काय असावा?

मिरज:
सर, मला वाटतं तुम्ही फार खोलात शिरताय. तटस्थता रुळलेला शब्द आहे, पेपरात तोच येतो. शब्दाची व्युत्पत्ती आणि आजचा अर्थ एकच असला पाहिजे असं थोडंच आहे? कुस्तीतला पंच तटस्थ असतो म्हणतोच की आपण, तिथं कुठं नदीचा काठ आठवतो.

सांगली, गावभाग:
उदाहरण चांगलं दिलंत पण ते माझ्याच बाजूचं आहे. पंच हौद्यात उतरतो, पैलवानांच्या भोवती फिरतो, वाकून पाठ टेकली का बघतो, शिट्टी मारतो. तो निःपक्षपाती असतो. तटस्थ ते, जे वर कट्ट्यावर बसून कुणाच्याच बाजूनं ओरडत नाहीत. हा फरक नुसता शब्दांचा नाही, कारण तटस्थता म्हटलं की "काही करू नका" असं ऐकू येतं आणि इथं तर कंपनीवर बंधन घालायचंय, सरकारनं नियम करायचाय, तो मोडला तर दंड करायचाय.

वाई:
आपल्याकडे "दुजाभाव" असा सुंदर शब्द असताना आपण संस्कृत कोशात का शोधतोय? घरात दोन सुनांत दुजाभाव करू नये म्हणतो तेव्हा न शिकलेल्या बाईलाही कळतं. ट्रायनं, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणानं, ८ फेब्रुवारी २०१६ ला जो नियम काढला त्यात मुख्य शब्द भेदभावाचाच आहे. डेटाचे दर मजकूर बघून कमीजास्त ठेवायचे नाहीत, ठेवले तर दिवसाला ५० हजार दंड, जास्तीत जास्त ५० लाख. फेसबुकचं फ्री बेसिक्स त्यामुळंच बंद झालं. ठरावीक साइट फुकट आणि बाकीच्यांना डेटा लागणार असा तो प्रकार होता. मी तेव्हा कॉलेजात होते, मैत्रिणी म्हणायच्या गरिबाला फुकट मिळतंय तर तुमच्या पोटात का दुखतं. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. आज सांगेन, पंगतीत एकाच्या पानात जिलबी वाढायची आणि दुसऱ्याला म्हणायचं तू पैसे टाक, आणि कुणाला वाढायची ते वाढपी ठरवणार, हा दुजाभावच.

मिरज:
ताई, शब्द आवडला, पण "दुजाभाव न करणे" ही क्रिया झाली, नाम कुठाय? मथळ्यात काय छापणार?

पलूस:
मी शेतकरी माणूस, पण हा विषय वाचून गप्प बसवेना. तुम्ही जे शोधताय ते आमच्या पाटाच्या पाण्यात आहे बघा. आमच्याकडं खोडशीवरनं येणारा कृष्णा कालवा, इंग्रजांच्या काळातला. पाटपाण्यात शेजपाळी म्हणून पद्धत आहे, पाळी टेलपासनं, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकापासनं, सुरू होऊन हेडकडं, तोंडाकडं, येत जाते, म्हणजे दाराच्या तोंडाशी ज्याचं रान त्यानं आधी भिजवून घ्यायचं आणि शेवटच्याच्या सऱ्या कोरड्या, असं होऊ नये. पाटकऱ्यानं पाळी बघायची, माणूस बघायचा नाही. मी आधी म्हणणार होतो की नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे शेजपाळीच.

पण रात्री मोटर चालू करायला गेलो तेव्हा लक्षात आलं, हे पुरतं जुळत नाही. आमची पाणीपट्टी पिकावर असते. पाणी मागायचा सात नंबरचा फॉर्म भरताना कुठलं पीक, किती क्षेत्र ते लिहावं लागतं, उसाला दर जास्त. म्हणजे आत काय आहे ते बघून दर, जे ट्राय नको म्हणतंय नेमकं तेच! (पाण्यात त्याला कारण आहे, ऊस पितोच तेवढा, ते मी नाकारत नाही.)

आता पुढची गोष्ट ऐका. २००५ साली राज्यात सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडं द्यायचा कायदा झाला, पाणी वापर संस्थांचा. त्यात पाणी घनमापनानं द्यायचं, संस्थेच्या वाट्याचं पाणी मोजून दिलं की त्यात ऊस लावा, हळद लावा, द्राक्ष लावा, कुणी विचारायचं नाही. त्याला पीक स्वातंत्र्य म्हणतात. हे मात्र शंभर टक्के जुळतं. दीड जीबी घेतला दीडचे पैसे, तीन घेतला तीनचे, जादा स्पीड पाहिजे तर जादा पैसे, याला कुणाची ना नाही. पण त्या दीड जीबीत मी बेदाण्याचा सौदा बघेन नाहीतर नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलेन, ते माझं रान आणि माझं पीक.

वाई:
काका, हे वाचून अंगावर काटा आला. २०१४ च्या डिसेंबरात एअरटेलनं इंटरनेटवरनं केलेल्या कॉलसाठी वेगळे पैसे लावायचं जाहीर केलं होतं, लोक भडकले आणि काही दिवसांत मागं घेतलं. म्हणजे पाणी मोजून विकत घेतलेलं असताना वर पिकाचे पैसे! पुढच्या वर्षी ट्रायनं लोकांचं मत मागवलं तेव्हा १० लाखांच्या वर ईमेल गेले होते. मीही एक पाठवला होता.

कराड:
मथळ्यातला दुसरा शब्द सगळे विसरले. मक्तेदारी. मक्ता शब्द मूळचा अरबी. जकातीचा मक्ता, बाजाराचा मक्ता, नावेचा मक्ता. त्यात लिलाव होता, मुदत होती, सरकारात रक्कम भरायची होती. इजारा त्याच कुळातला. बोलताना आपण "शहाणपणाचा मक्ता तूच घेतलायस का" म्हणतो तेव्हाही कुणीतरी दिल्याशिवाय हा घेऊन बसलाय हीच तक्रार असते. एकाधिकार म्हटलं की मात्र मला १९७२ ची कापूस एकाधिकार खरेदी योजना आठवते, तो सरकारनं कायद्यानं स्वतःकडं घेतलेला हक्क. म्हणून इंटरनेट कंपन्यांना एकाधिकार हा शब्द मला पटत नाही. आणि स्पर्धा कायद्यात, २००२ च्या, मोठं असणं हा गुन्हा नाहीच, वरचढपणाचा गैरवापर हा गुन्हा आहे. तोही फरक पोरांना सांगा सर.

सांगली, गावभाग:
कराडकर, लिलाव आणि मुदत हे वाचलं आणि माझ्या घरातली गोष्ट डोळ्यापुढं आली. गेल्या पावसाळ्यात आमचं नेट अकरा दिवस बंद होतं. दारामागच्या त्या पांढऱ्या डबीवर लाल दिवा लुकलुकत होता. मुलीची ऑनलाइन परीक्षा होती, तिनं शेजारच्या जिन्यात बसून माझ्या मोबाइलवर दिली. केबलवाल्याला फोन केला की "पोरगं पाठवतो". वैतागून दुसऱ्याला फोन लावला तर तो अगदी शांतपणे म्हणाला, "सर, तुमची गल्ली आपला एरिया नाय, तिथं मी वायर नाय टाकू शकत". एरिया! हा खरा शब्द आहे बघा. ना लिलाव, ना मुदत, ना सरकारात भरणा, दोघांनी आपसात गल्ल्या वाटून घेतलेल्या. मक्तेदाराला निदान वर्षानं उत्तर द्यावं लागायचं.

म्हणून मला हे दोन विषय वेगळे ठेवूनही सोडवत नाहीत. दहा जण वायर टाकत असते तर एकानं दुजाभाव केला की आपण दुसऱ्याकडं गेलो असतो. जिथं दुसरा नाही तिथं नियमच आधार. आपल्याकडे २०१८ ला तो लायसन्सच्या अटींत आला, अडवणं नाही, मुद्दाम मंदावणं नाही, मर्जीतल्याला पुढं सोडणं नाही. अमेरिकेत २०१५ ला नियम आला, २०१७ ला काढला, २०२४ ला परत आणला आणि २०२५ च्या जानेवारीत कोर्टानं उडवला. म्हणजे हे एकदा मिळालं की कायमचं मिळालं असं नाही.

पलूस:
अजून एक शब्द टाकतो. २०२३ मध्ये टेलिकॉम कंपन्यांच्या संघटनेनं मागणी लावून धरली होती की ज्या मोठ्या साइटींमुळं जास्त डेटा वाहतो त्यांनी आम्हाला "फेअर शेअर" द्यावा. आमच्याकडं याला जुना शब्द आहे, वाटा. आज्याच्या काळात नदीवर इंजिन बसवलेला माणूस पाण्याबद्दल पैशाऐवजी पिकातला वाटा घ्यायचा. पाण्याचे पैसे आम्ही दिलेले असताना वर पिकात वाटा मागितला असता तर खळ्यावर भांडण झालं असतं.

मिरज:
मी माघार घेतो. तटस्थता नको. पण मग वहीत काय लिहिलंत सर?

सांगली, गावभाग:
खोडलं नाही काही. खाली लिहिलं, "तटस्थता हा शब्द इथे अपुरा आहे. दुजाभावबंदी हा वापरून बघ. घरी कुणी पाटाचं पाणी घेत असेल तर घनमापन म्हणजे काय विचारून ये." ती तासगावकडची आहे, वडलांची द्राक्षबाग आहे.

पलूस:
घनमापन कागदावरचा शब्द झाला सर. तिचे वडील मीटरचं पाणी म्हणतील, तसं विचारायला सांगा.