डॉ. जेम्स अँड्र्यूज: शस्त्रक्रियेच्या यशानेच शाळकरी पिचरांची कोपरं बिघडली का?

सह्यगिरी

बेसबॉल पाहणाऱ्यांना डॉ. जेम्स अँड्र्यूज हे नाव नवीन नाही. लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत असताना ते बांबूउडी मारायचे, १९६३ साली साउथईस्टर्न कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या स्पर्धागटाचे विजेते होते. पुढे हाडांचे सर्जन म्हणून अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, बर्मिंगहॅममध्ये त्यांनी खेळाडूंच्या खांद्या-कोपरांवर आयुष्य घातलं. कोपराच्या आतल्या बाजूचं तुटलेलं लिगामेंट (हाडाला हाड जोडणारा पट्टा) नवं बसवण्याची 'टॉमी जॉन' शस्त्रक्रिया मूळ फ्रँक जोब यांची, टॉमी जॉन या पिचरवर (चेंडू फेकणाऱ्या खेळाडूवर) २५ सप्टेंबर १९७४ला केलेली. ती हजारो खेळाडूंपर्यंत पोचवण्यात मोठा वाटा मात्र अँड्र्यूज यांचा.

माझं म्हणणं असं की या शस्त्रक्रियेवरच्या भरवशानेच शाळकरी पिचरांचा घात केला. त्यांच्या गटाने २०१० साली ७४३ खेळाडूंचा किमान दोन वर्षांचा पाठपुरावा छापला. ८३ टक्के खेळाडू आधीच्या किंवा वरच्या पातळीवर परतले होते. पालकांनी नेमका तेवढाच आकडा ध्यानात ठेवला. त्याच अहवालात साधारण दर पाचव्या रुग्णाला काही ना काही गुंतागुंत झाल्याची नोंद आहे, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. २०१२च्या एका पाहणीत तर शाळकरी खेळाडूंपैकी निम्म्यांना वाटत होतं की कोपर धड असलं तरी ही शस्त्रक्रिया करून घ्यावी, म्हणजे खेळ सुधारतो! २००७ ते २०११ या काळात अमेरिकेत अशा निम्म्याहून जास्त शस्त्रक्रिया १५ ते १९ वर्षांच्या मुलांवर झाल्या.

फिजिओ_नाशिक

साफ असहमत. आधी त्यांनी काय बदललं ते बघा. जोब यांच्या मूळ पद्धतीत मनगट वाकवणारे स्नायू कोपराच्या हाडापासून सोडवायचे आणि अल्नर नस (कोपर आपटलं की झिणझिण्या येतात ती) उचलून स्नायूखाली ठेवायची. खुद्द टॉमी जॉनचा हात नसेच्या त्रासाने लुळा पडत चालला होता, दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. अँड्र्यूज यांच्या पद्धतीत स्नायू कापत नाहीत, बाजूला ओढून धरतात, आणि नस त्वचेखालीच नव्या जागी सैल पट्ट्याने धरून ठेवतात.

बाकीचे टप्पे: मनगटातला पामॅरिस लाँगस हा बारीक टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा तंतू) काढायचा. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट किंचित वाकवलं की तो दोरीसारखा वर येतो. काहींना तो जन्मतः नसतोच, मग मांडीतला ग्रॅसिलिस घेतात. कोपराखालच्या अल्ना हाडात दोन भोकं पाडून आतून जोडायची, दंडाच्या हाडात इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा बोगदा करायचा आणि टेंडन आठच्या आकड्यासारखा ओवून ताणून शिवायचा. दोन भोकांमधला हाडाचा पूल अरुंद राहिला तर तो तुटतो आणि सगळी मेहनत वाया जाते. हे इतक्या काटेकोरपणे बसवून शिकवणाऱ्या माणसाला दोष कसला देता?

सह्यगिरी

हाताच्या कौशल्याबद्दल वाद नाहीच. पण "शस्त्रक्रियेनंतर वेग वाढला" हे जे ऐकू येतं ते टेंडनमुळे नव्हे. त्याच २०१० च्या अहवालात फेक सुरू व्हायला सरासरी ४.४ महिने आणि पूर्ण सामने खेळायला ११.६ महिने लागले होते. एवढ्या काळात मुलगा खांदा, पाठ, पाय नियमाने बळकट करतो, शिवाय वयानेही वाढतो. श्रेय मात्र टाक्यांना मिळतं.

लेगकटर

दोष द्यायचाच तर हिशेब पूर्ण मांडा. १९८७ साली अँड्र्यूज यांनीच बर्मिंगहॅममध्ये अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूट उभी केली. तिथे ग्लेन फ्लायसिग यांनी मोजलं: व्यावसायिक पिचरच्या कोपरावर एका फेकीत सुमारे ६४ न्यूटन-मीटर (पीळ मोजायचं एकक) पीळ पडतो. मृतदेहावरच्या चाचणीत तेच लिगामेंट साधारण ३२ला तुटतं. वरचा भार स्नायू उचलतात, म्हणून कोपर टिकतं. स्नायू थकले की तो भार लिगामेंटवर येतो.

२००६च्या त्यांच्या अभ्यासात हात थकलेला असतानाही नेहमी फेकत राहणाऱ्या मुलांना शस्त्रक्रियेइतक्या दुखापतीचा धोका ३६ पट आढळला, वर्षात आठ महिन्यांहून जास्त सामने फेकणाऱ्यांना पाच पट. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेने २००७ साली इनिंग (डाव) सोडून फेकी मोजायला सुरुवात केली, त्यामागे याच कामाचा रेटा होता. दुकान चालवायचं असतं तर या माणसाने गिऱ्हाईक कमी करणारे नियम कशाला मागितले असते?

न्यूजर्सीकर

नियम बरोबर आहेत, पण गळती कुठे आहे ते सांगते. लिटल लीगमध्ये ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला फार तर ८५ फेकी, आणि ६६च्या वर गेलं की चार दिवस विश्रांती. आता मुलगा गावच्या लीगमध्येही खेळतो आणि शनिवार-रविवार ट्रॅव्हल टीमकडूनही (गावोगावी स्पर्धा खेळणारा खासगी संघ). दोन्ही वह्या वेगळ्या, बेरीज कोणी करत नाही. सामन्याआधीच्या सरावातल्या फेकी मोजणीत येतच नाहीत. लिटल लीगमध्ये ४१ फेकी टाकलेल्याला त्या दिवशी कॅचर (पिचरचा चेंडू झेलणारा) होता येत नाही, कारण कॅचरही प्रत्येक चेंडू परत फेकतो. दुसऱ्या स्पर्धेत हा नियम असेलच असं नाही. इकडच्या मराठी पालकांनी फेकींची वही स्वतः ठेवावी, प्रशिक्षकावर सोडू नये.

आणि आकडा पाळूनही वेगाचं काय? स्पीडगन घेऊन बसलेल्या निवडकर्त्यांपुढे ४० फेकी पूर्ण जोर लावून टाकणं हे आरामात टाकलेल्या ७० फेकींपेक्षा वाईट असू शकतं.

मुक्तछंद

कर्व्हबॉलचा, म्हणजे वळणाऱ्या चेंडूचा मुद्दा राहिला. दाढी करायचं वय येईपर्यंत तो टाकू नये, असं अँड्र्यूज सांगत आले. त्यांच्याच प्रयोगशाळेत मात्र कर्व्हबॉलचा कोपरावरचा पीळ फास्टबॉलपेक्षा (सरळ वेगवान चेंडूपेक्षा) जास्त आढळला नाही. मग ऐकायचं कोणाचं?

फिजिओ_नाशिक

दोघांचंही. प्रयोगशाळेत मुलगा ताजातवाना असतो, तंत्रही बरं असतं. सहाव्या इनिंगला कोपर खाली पडलेलं असताना काय होतं ते तिथे दिसत नाही.

लेगकटर

हे आकडे जसेच्या तसे क्रिकेटला लावू नका. गोलंदाजाचं कोपर सरळ असतं, त्याचा भार कंबरेच्या मणक्यावर येतो आणि तिथे स्ट्रेस फ्रॅक्चर (वारंवार ताणाने हाडाला पडणारी बारीक भेग) होतं. इंग्लंडच्या बोर्डाने १३ वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजाला एका स्पेलमध्ये पाच आणि दिवसाला दहा षटकं ठरवली ती त्यासाठी.

फिजिओ_नाशिक

सह्यगिरी, तुमची काळजी मला पटते, रोख पटत नाही. २०१३ साली अँड्र्यूज यांचेच सहकारी जेफ्री डूगास यांनी मूळ लिगामेंट जागेवर शिवून त्याला टेपचा आधार द्यायला सुरुवात केली. त्यात परतीचा काळ बराच कमी होतो, पण ते सगळ्यांना चालत नाही. म्हणून एमआरआयच्या रिपोर्टमध्ये लिगामेंट मधोमध विरलंय की हाडाच्या टोकापासून सुटलंय, ते आधी बघा. टोकापासून सुटलेलं आणि बाकी चांगलं असेल तरच शिवता येतं. आणि मुलगा तेरा-चौदाचा असेल तर पहिला संशय लिगामेंटवर घेऊ नका. त्या वयात कोपराच्या आतल्या उंचवट्याची वाढीची चकती (जिथून हाड वाढतं ती कूर्चा) जास्त कमजोर असते. साधा एक्स-रे दोन्ही कोपरांचा काढून ताडून पाहा. नुसती सूज किंवा थोडी फट असेल तर बहुधा काही आठवडे फेक पूर्ण बंद ठेवली की भागतं.

सह्यगिरी

हे पटलं. पण हे ८३ टक्क्यांच्या आधी सांगायला हवं होतं, एवढं माझं म्हणणं कायम आहे.