२४ तास डेटा सेंटर, पोरं चारच, शिफ्ट कशी लावू?

जळगाववाला: भो, आमचं छोटं डेटा सेंटर आहे, कायम एक माणूस बसलेला लागतोच. एक पोरगा तीन महिने सलग नाईटलाच आहे, त्यानेच मागून घेतली, आता पहाटे चारला अलार्म वाजला तरी उठत नाही, आणि लग्नसराईत तिघांना एकदम सुट्टी पाहिजे.

भुसावळकर: भाऊ आधी हिशोब कर. आठवड्याचे १६८ तास म्हणजे आठ तासांच्या २१ शिफ्ट. चौघांच्या सहा-सहा धरल्या तर २४, पुरतंय असं वाटतं, पण एक जण हळदीला गेला की उरल्या १८, मग डबल ड्युटी. पाचवा घ्याच. ४८ तासांवर गेलं की ओव्हरटाईम दुप्पट दराने द्यावा लागतो, हे मालकाला सांग, लगेच पटेल. आणि शिफ्ट सकाळ, दुपार, रात्र अशी पुढेच फिरव, उलटी फिरवली तर झोप जुळत नाही.

धुळ्याचा_गडी: हँडओव्हर विसरू नको. शिफ्ट बदलताना जाणारा अन् येणारा पंधरा मिनिटं सोबत पाहिजेत, अन् तोंडी नाही, रजिस्टरात लिहायचं, कुठला अलार्म, जनरेटरचं डिझेल किती. आमच्याकडे मे महिन्यात बंद पडलेला एसी दुपारवाल्याने चहा पिता पिता सांगितला, नाईटवाला विसरला, सर्व्हरचे रॅक नुसते तापले!

जळगाववाला: पाचव्याचं बोलतो. पण नाईटवाला दिवसपाळीला तयारच नाही, दिवसा शेतात केळी बघायची असते म्हणे.

भुसावळकर: मग तो झोपतो कधी?? 😄 दिवसभर केळीत राबलेला माणूस पहाटे पेंगणारच ना भो.