रोकोतो मिरचीला फुलं येतात, पण एकही धरत नाही. मदत हवी आहे

गच्चीकर (पुणे):

मंडळी, नमस्कार.

आमच्या गच्चीवर लवंगी, ज्वाला आणि गडहिंग्लजहून आणलेली संकेश्वरी कायम असतात, त्यामुळे मिरची मला नवी नाही. पण हे प्रकरण वेगळंच निघालं. बियांच्या अदलाबदलीत बंगळुरूच्या एका मित्राने रोकोतोचं बी दिलं. पेरू-बोलिव्हियाकडची, अँडीज डोंगरातली मिरची. बी चक्क काळं! आधी वाटलं, जळकं बी दिलंय.

गणपतीनंतर कोकोपीट-गांडूळखतात पेरलं. लवंगी आठ-दहा दिवसांत वर येते, हिने तीन-चार आठवडे ताटकळत ठेवलं. उगवल्यावर मात्र थंडीभर झकास वाढली. पानांना मऊ लव आहे आणि बुंधा आताच लाकडासारखा व्हायला लागलाय. होळीच्या सुमारास फुलं आली, तीही जांभळी, मध्ये पांढरट. घरातल्या सगळ्यांना हाका मारून दाखवली. तेव्हापासून रोज सकाळी कुंडीखाली फुलांचा सडा. देठ पिवळा पडतो आणि फूल गळतं. शेजारची लवंगी त्याच मातीत, त्याच पाण्यावर लगडली आहे.

कुंडी १४ इंची, सकाळी ८ पासून दुपारी ३ पर्यंत ऊन, पाणी संध्याकाळी. पानं खालून भिंगाने पाहिली: फुलकिडे नाहीत, पांढरी माशी नाही, पानं मुरडलेली नाहीत. रोपवाटिकेवाले म्हणतात, बोरॉन फवारा आणि ००:५२:३४ (स्फुरद-पालाशाचं विद्राव्य खत) द्या. देऊ का? आणि मे महिन्यात हे झाड जगेल ना?

काळी_माती:

चमचाभर डीएपी टाका आणि आंबट ताक फवारा. आमच्याकडे मिरचीला हमखास लागू पडतं.

रानमेवा (नाशिक):

काळी_माती, तुमचा उपाय लवंगीला चालेलही, इथे नको. गच्चीकर, खत, फवारा सगळं तूर्त बाजूला ठेवा. तुमचं झाड आजारी नाही, त्याला उकडतंय.

ज्वाला, संकेश्वरी, ढोबळी या सगळ्या कॅप्सिकम ॲन्युअम या एकाच प्रजातीतल्या. रोकोतो म्हणजे कॅप्सिकम प्युबेसन्स, ही प्रजातीच निराळी. लव, काळं बी, जांभळं फूल ही तिचीच ओळख, तेव्हा बी अस्सल आहे. अँडीजच्या उंचावर दिवस उबदार आणि रात्री चांगल्या गार असतात. ही मिरची त्या हवेतली. पुण्यात एप्रिलमध्ये पारा ३८ च्या वर जातो. इतक्या उष्णतेत पराग निकामी होतो, फळ धरत नाही आणि झाड फूल टाकून देतं. बोरॉनची कमतरता असती तर फवारून उपयोग होता. उगाच जास्त झालं तर पानांच्या कडा करपतील, एवढंच हाती लागेल.

आता ध्येय एकच, झाड उन्हाळ्यातून पार करायचं. कुंडी पूर्वेकडे हलवा, दहानंतर ५० टक्के ऊन अडवणारी शेडनेट हवीच. तापलेल्या फरशीवर कुंडी ठेवू नका, खाली विटा द्या. कुंडीभोवती ओलं गोणपाट आणि मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन. कळ्या दिसल्या की खुडून टाका, वाईट वाटलं तरी. पावसाळ्यात निचरा सांभाळा, मुळं कुजली की खेळ संपला. तेव्हाही रात्री २२-२३ अंशांच्या असतात, म्हणून फळाची फार आशा धरू नका. पाऊस ओसरला की हलकी छाटणी करून गांडूळखत द्या. नोव्हेंबरात रात्री १५ अंशांच्या आसपास आल्या की फुलं धरतील. ही मिरची बहुवर्षायू आहे, एक हंगाम गेला तरी झाड जात नाही.

धुक्यातली (सॅन फ्रान्सिस्को):

रानमेवांना दुजोरा. आमच्याकडे भर उन्हाळ्यातही धुकं आणि १८-२० अंश. इथे साधी भारतीय मिरची रुसून बसते आणि रोकोतो मात्र माझ्या डोक्याच्या वर गेली आहे.

दोन गोष्टी सांगते. एक, फळ धरल्यापासून पिकायला तीनेक महिने सहज लागतात. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरमधली फुलं तुमच्यासाठी सोन्याची, जानेवारी संपत आल्यावर धरलेली फळं उन्हात सापडतील. दोन, मऊ ब्रशने सकाळी फुलाफुलांवर फिरवा. दोन झाडं असतील तर फळं जास्त धरतात, असा माझा तरी अनुभव आहे.

आणि पिकल्यावर वाळवायला घालू नका! साल जाड, गर रसाळ, सुकायच्या आधी कुजते. पेरूतल्या अरेकिपा शहरात ती आपल्या भरल्या ढोबळीसारखी करतात. बिया-शिरा काढून पाण्यात उकळायची, तिखटपणा उतरवायचा, मग खिमा भरून वर चीज. बोलिव्हियात टोमॅटोबरोबर दगडावर वाटून चटणी करतात, ती मला जास्त आवडते. चिरताना हातमोजे घाला. दिसायला गोंडस, छोट्या सफरचंदाएवढी, पण लवंगी खाणाऱ्यालाही पाणी मागायला लावते.

गच्चीकर:

धन्यवाद! शेडनेट बांधली, कुंडी जिन्याच्या सावलीत आणली. कळ्या खुडायचं काम बायकोकडे दिलंय, माझा हात होत नाही. एक शंका राहिली. पुढे फळ आलंच, तर लवंगीशेजारी वाढलेल्या रोकोतोचं बी शुद्ध राहील का? मित्राला परत द्यायचंय.

रानमेवा:

लवंगीची काळजी नको, प्युबेसन्सचा तिच्याशी संकर होत नाही. दुसऱ्या रंगाची रोकोतो आणून शेजारी लावलीत, तर त्या दोघी मात्र एकमेकींत मिसळतील. तेव्हा बियांसाठीच्या फांदीवर कळ्या उमलायच्या आधी पातळ जाळीची पिशवी बांधा, फुलल्यावर ब्रश तिथल्या तिथेच फिरवा, आणि फळाने बाळसं धरलं की पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधून ठेवा. नाहीतर घरातलं कोणीतरी तेच फळ चटणीला तोडतं.