मदत हवी आहे: स्लीप स्टडी (रात्रभर झोप आणि श्वास नोंदवणारी तपासणी) घरी करावी की लॅबमध्ये? (नागपूर)

पुरुष, वय 58, मानेचा घेर 43 सेंमी, बीपीची गोळी चालू. घोरणं शेजारच्या खोलीत ऐकू येतं, झोपेत श्वास अडकतो हे घरच्यांनी पाहिलंय. एवढंच असतं तर घरची टेस्ट चालली असती. पण सीओपीडीपण (फुप्फुसाचा जुनाट आजार) आहे, आणि घोडं तिथेच अडलंय.

घरच्या मशीनला नाकातली नळी, छातीचा पट्टा आणि बोटाचा ऑक्सिमीटर. मेंदूच्या लहरींची नोंद सहसा नाहीच. त्यामुळे माणूस नुसता जागा पडून असला तरी तो वेळ हिशेबात धरला जातो. 7 तासांत श्वासाचे 84 अडथळे म्हणजे ताशी 12, सौम्य. खरी झोप 5 तासांचीच असेल तर ताशी जवळपास 17, मध्यम! शिवाय ऑक्सिजन घसरला तो श्वास अडकल्याने की फुप्फुसामुळे, हे नीट उमगत नाही.

त्यात आपला मे महिना. घामाने गालावरची टेप सुटते, नळी सरकते, आणि रात्री दोनला ती परत लावून देणारं कोणी नसतं. 4 तासांची स्वच्छ नोंद मिळाली नाही की टेस्ट पुन्हा.

म्हणून कल लॅबकडे आहे. (तिथे डोक्याला सेन्सर चिकटवतात, म्हणून तेल न लावता झोपायला राजी करणं ही वेगळीच लढाई.)

धंतोली-रामदासपेठकडे रात्रभर टेक्निशियन जागा असणारी लॅब कोणती? अडथळे जास्त दिसले तर त्याच रात्री सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) लावून प्रेशर ठरवतात का? कार्बन डायऑक्साइड मोजतात का? रिपोर्ट डॉक्टर स्वतः तपासतात की सॉफ्टवेअरचाच हातात देतात? खर्चही सांगा.