उत्तर: दिवाळी अंकाची मजकूर-फाईल, छपाईच्या आधी

प्रेषक: माई
मंगळवार, सकाळी ७:४०

नाना,
अंक शुक्रवारी प्रेसला जातोय असं काल भिशीत कळलं. यंदा मला छपाईच्या आधी साधी युनिकोड फाईल हवी आहे, म्हणजे जे अक्षर दिसतं तेच आत साठवलेलं असतं अशी. गेल्या वर्षी पीडीएफ मिळाली ती संक्रांतीला, तीही जुन्या फॉन्टमधली. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण आत साठवलेलं असतं एखादं इंग्रजी अक्षर नाहीतर चिन्ह. मला दिसत नाही; मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा माझा स्क्रीन रीडर वाचतो ते आतलं. तुमचं संपादकीय मी 'कंस, डॉलर, स्लॅश, एफ' असं ऐकलं. दोन वर्षं हेच सांगतेय. वर्गणीत अंकाचे पैसे मीही भरलेत.
माई

प्रेषक: नाना (अंक)
मंगळवार, दुपारी १:०५

माई,
तुमचं म्हणणं रास्त आहे, पण शुक्रवार तोंडावर आलाय. अंक ११२ पानांचा. चौदा वर्षं मी याच फॉन्टमध्ये लावतोय, कारण छपाईत जोडाक्षरं नीट बसतात आणि प्रेसवाल्यांकडेही तोच आहे. काल रात्री जुन्या फॉन्टचं युनिकोड करणारा कन्व्हर्टर लावून पाहिला. 'वर्ष'चं 'वषर्' झालं, 'सूर्य'चा 'सूयर्', 'किती'ची वेलांटी 'क'च्या आधीच जाऊन बसली. असा मजकूर अंकाच्या नावाने बाहेर जाऊ देणं मला जमणार नाही. शिवाय छापण्याआधी तो फिरला तर लेखकांना काय सांगू? जानेवारीत सवडीने करू.
नाना

प्रेषक: ताई (वाचनकट्टा)
मंगळवार, दुपारी ३:३०

माई, जानेवारीपर्यंत थांबायला नको. आम्ही सहाजण दरवर्षीसारखं वाचून रेकॉर्ड करतो. गेल्या वर्षी अकरा लेख झाले होते, यंदा पंधरा करू. वाचून दाखवण्याचं काम कट्ट्याकडे आहेच, मग नव्या फाईली कशाला? आमच्या वाचणाऱ्यांनाही वाईट वाटेल.
ताई

प्रेषक: माई
मंगळवार, रात्री ९:१५

ताई,
कट्ट्याच्या रेकॉर्डिंगची मी वाट बघते, आणि तुम्ही कविता वाचता तशी मशीन कधी वाचणार नाही. पण ते अकरा लेख निवडले कुणी? पाककृती नव्हत्या, जमाखर्च नव्हता, शब्दकोडं नव्हतं. अनारशाला गूळ किती हे पुन्हा बघायचं तर रेकॉर्डिंग मागेपुढे करत बसावं लागतं. मजकुरात 'गूळ' शोधला की झालं.

पुण्यात कॉलेजला असताना मैत्रिणी मला पुस्तकं कॅसेटवर वाचून देत. त्यांचे उपकार जन्मभर आहेत. पण परीक्षा त्यांचीही त्याच दिवसांत असायची. अर्थशास्त्राचं शेवटचं प्रकरण मला आदल्या रात्री मिळालं, आणि त्यातली कोष्टकं गाळलेली होती. 'ही तुला काय करायचीत?' असं तिने अगदी मायेने विचारलं. पेपरात त्यांच्यावरच प्रश्न आला. मला काय लागेल हे दुसऱ्याने ठरवलं की असं होतं.

आज मी वापरते तो स्क्रीन रीडर, एनव्हीडीए, फुकट मिळतो. मायकेल करन या अंध तरुणाने तो २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात लिहायला घेतला, पुढे जेम्स टेह हा त्याचा अंध मित्रही त्यात आला. विकतचे स्क्रीन रीडर परवडत नाहीत हे त्या दोघांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. वाचायचं साधन आमच्याकडे आलंय, फक्त मजकूर हवाय.
माई

प्रेषक: अण्णा
बुधवार, सकाळी ८:१०

फक्त लेखकांच्या मुद्द्यावर लिहितो. अंधांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती करण्याबद्दलचा माराकेश करार २०१३ चा. तो मंजूर करणारा पहिला देश भारत, २०१४ मध्ये. अमेरिकेत तो २०१९ पासून लागू आहे. भारतात २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने अंध व्यक्तीसाठी अशी प्रत कुणालाही करता येते. इथली, म्हणजे अमेरिकेतली, सवलत मात्र 'अधिकृत संस्थां'ना आहे, म्हणजे अंधांना अशी सेवा देणं हेच ज्यांचं मुख्य काम, त्यांना. आपलं मंडळ त्यात बसत नाही. तेव्हा कलमं काढत बसण्यापेक्षा लेखकांना एका ओळीचं पत्र पाठवावं. एकतीसच तर आहेत, आणि निम्मे याच यादीवर आहेत. माझ्या लेखाला माझी परवानगी याच पत्रात समजावी.
अण्णा

प्रेषक: बापू
बुधवार, सकाळी ९:२५

अण्णांनी कायदा काढलाच आहे तर विचारतो. दिवाळीच्या कार्यक्रमाला गाईड डॉगचं काय ठरलं? गणपतीत आमच्या पाहुण्यांना दारावर कुत्र्याचे कागद मागितले, मग 'जेवणाच्या हॉलमध्ये नको' म्हणाले. ते गाडीत बसून राहिले, आरतीसुद्धा चुकली. अमेरिकेच्या अपंगत्व कायद्याप्रमाणे दारावर दोनच गोष्टी विचारता येतात: हा अपंगत्वामुळे लागणारा सेवा-कुत्रा आहे का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय. कागद मागता येत नाहीत. कुणाला कुत्र्याची भीती वाटते किंवा ॲलर्जी आहे, एवढ्यावर अडवता येत नाही, जेवण असलं तरीही. देवळांना या कायद्यातून सूट आहे, पण आपला हॉल शाळेचा आहे. दारावरच्या स्वयंसेवकांना हे कोण सांगणार?
बापू

प्रेषक: नाना (अंक)
बुधवार, सकाळी ९:४०

बापू, प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्याला वेगळा विषय काढा. इथे अंक हरवेल.

प्रेषक: शनिवारची शाळा
बुधवार, दुपारी १२:५०

मी पहिल्यांदाच लिहितेय. माझा मुलगा जन्मापासून अंध आहे, नववीत आहे. देवनागरी त्याने कधी पाहिली नाही, पण मराठी ब्रेल तो पटकन शिकला. भारतीय भाषांसाठीच्या भारती ब्रेलमध्ये 'क'ला इंग्रजी 'के'चेच ठिपके, पहिला आणि तिसरा. 'म'ला 'एम'चे, 'ल'ला 'एल'चे. युनिकोड मजकूर दिला की त्याच्या ब्रेल डिस्प्लेवर मराठी ठिपके उठतात. तो 'पानी' म्हणायचा. आम्ही घरात कितीदा म्हणून दाखवलं, पण त्याच्या कानाला फरक लागायचा नाही. एक दिवस 'ण' बोटाखाली 'न'पेक्षा वेगळा लागला आणि तो ओरडलाच, 'आई, हे दुसरं अक्षर आहे!' ताई, तुमची रेकॉर्डिंगं आम्ही गाडीत ऐकतो. पण शुद्धलेखन त्याला बोटांनीच कळणार आहे. माई, तुम्ही मागताय त्या फाईलची आणखी एक प्रत आमच्यासाठी मागा.

प्रेषक: ताई (वाचनकट्टा)
बुधवार, दुपारी २:००

हे मला माहीत नव्हतं. कट्ट्यातले आम्ही सहाही जण मजकूर तपासायला बसतो. रेकॉर्डिंग दिवाळीनंतर करू.

प्रेषक: नाना (अंक)
बुधवार, रात्री १०:३०

लेखकांना पत्र गेलं. बावीस होकार आले, नकार एकही नाही. ज्यांचं उत्तर येणार नाही त्यांचे लेख फाईलमध्ये नसतील, ते का नाहीत हे तिथेच लिहीन. कन्व्हर्टरमधून काढलेली पहिली चाळीस पानं सोबत आहेत. रफार आणि वेलांट्या बघा. कविता मी स्वतः टाईप करतोय, त्यांच्या ओळी तुटलेल्या मला बघवत नाहीत. फोटोंखाली काय लिहायचं ते माई सांगा. प्रेसकडून शनिवार संध्याकाळपर्यंत मुदत मागून घेतली आहे.
नाना

प्रेषक: माई
गुरुवार, सकाळी ६:५५

नाना, रात्री अठरा पानं ऐकून झाली. 'वषर्' कानाला ताबडतोब खटकतं, डोळा कदाचित त्यावरून पुढे जाईल. म्हणून पहिलं वाचन माझ्याकडे द्या, ताईंच्या मंडळींनी माझ्या खुणांवरून दुरुस्ती करावी. त्र्याण्णव चुका सापडल्या, यादी सोबत आहे. त्यातल्या सात कन्व्हर्टरच्या नाहीत, मूळ मजकुरातल्याच आहेत. संपादकीयात 'आशिर्वाद' झालाय, तो छपाईच्या फाईलमध्येही दुरुस्त करा. फोटोखाली 'सदस्य' एवढंच नको. कोण, कुठे, काय करताहेत ते एका वाक्यात लिहा. शब्दकोड्याला चौकटीऐवजी प्रत्येक शब्दाची अक्षरसंख्या द्या, बाकी मी मनात मांडते.

४१ ते ५२ पानं अजून कुणी घेतलेली नाहीत.
माई